पिवळ्या भाताचा शेंडा

"पिवळा की पांढरा, बाई?" बाग्योने लिफ्टच्या दारात पाय घालून विचारलं, आणि मी म्हणाले, "पिवळा." दार मिटलं, लिफ्ट खाली निघाली आणि मग मला कळलं, मी काय बोलून बसले ते. तसं काहीच झालं नव्हतं. समारंभांचं बघणं हे बाग्योचं काम, त्याने विचारलं, मी सांगितलं. पण जरा वेळापूर्वी मी ज्या खोलीतून बाहेर पडले होते तिथे आमची बारा नवी विमानं चार वर्षं पुढे ढकलायचं ठरलं होतं, आणि बाग्यो मला विचारत होता तो त्याच विमानांसाठी शिजणाऱ्या भाताचा रंग. शुक्रवारी तुम्पेंग होतं. हाऽ एवढा भाताचा सुळका, आनंदाचा असेल तर हळदीने पिवळा, भोवती कोंबडी, अंडी, सोयाबीनचं टेम्पे, खोबरं घातलेल्या भाज्या. मौलवी दुवा मागणार, अध्यक्ष शेंडा कापून मानाच्या माणसाला देणार. विमानं यायची होती वर्षाखेरीला, पण आमच्याकडे देवाचे आभार आगाऊ मानून ठेवतात, म्हणजे मग त्यालाही नाही म्हणायला जरा संकोच वाटतो. मला म्हणता आलं असतं, 'थांब बाग्यो, विचारून सांगते.' पण तोंड माझ्याआधी बोलून मोकळं झालं. लिफ्टच्या आरशात ते दिसत होतं, चष्मेवाल्या, पन्नाशीला टेकलेल्या, हिशेबात न चुकणाऱ्या बाईचं तोंड. खोटं बोलताना मेलं जरासुद्धा वाकडं झालं नव्हतं.

येत्या सोमवारी शेअर बाजाराला कळवेपर्यंत कुणाजवळ ब्र काढायचा नाही, असं हार्जो साहेबांनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी बजावलं होतं. बजावताना ते माझ्याकडेच बघत होते, कारण ढकलायचा सल्ला माझा. कोणतं विमान कधी घ्यायचं, कोणतं विकायचं, कोणतं भाड्याने ठेवायचं, याचे आकडे कंपनीत मी मांडते. लोकांना वाटतं विमान घेणं म्हणजे मोटार घेणं. पैसे दिले, किल्ली घेतली. कसलं काय! आज सही करा, विमान सहा-सात वर्षांनी दारात. सही करताना रुपिया बरा असतो, तेल स्वस्त असतं, बालीला जायला माणसं रांगा लावतात. विमान येईतो रुपिया आपटलेला, किंमत मात्र डॉलरमध्ये, आणि तिकिटाच्या दराला सरकारने वरून झाकण घातलेलं, ते काही उचलता येत नाही. त्यात या नव्या इंजिनांचं दुखणं. दुसऱ्यांची कोरी करकरीत विमानं इंजिन उतरवून महिनोन्महिने उन्हात उभी होती, आणि आमची जुनी, म्हातारी विमानं गाडा ओढत होती. बरं, कारखानाही मागे पडलेला. कुठे खुर्च्या आल्या नाहीत, कुठे संडासांची दारं आली नाहीत. म्हणजे आम्हाला विमानं वेळेवर नको होती आणि त्यांना ती वेळेवर देता येत नव्हती. पण करारात मेख अशी, की 'उशीर होईल' हे जो आधी बोलेल त्याने दंड भरायचा. म्हणून कित्येक महिने त्यांचा माणूस आणि मी पडद्यावर एकमेकांची तब्येत विचारत होतो. सगळं वेळापत्रकाप्रमाणे ना? अगदी. तुमच्याकडे? अगदी. शेवटी त्या आठवड्याच्या सोमवारी त्यांचा धीर सुटला, ते आधी बोलले, आणि मी नुकतीच बाहेर पडले होते त्या बुधवारच्या बैठकीत माझं सगळ्यांनी कौतुक केलं. गप्प बसण्यात आम्हा जावाच्या माणसांचा हात कोण धरणार? एका नव्या संचालकाने विचारलं, "मग सरळ रद्दच का करत नाही?" हार्जो साहेब हसले. "अरे बाबा, रद्द म्हटलं की भरलेले पैसे बुडाले, शिवाय गावभर बोभाटा. पुढे ढकललं म्हटलं की त्यांचीही अब्रू राहते, आपलीही. दगडापेक्षा वीट मऊ." नव्या विमानांवर ज्यांना घेणार म्हणून सांगितलं होतं त्या पोरांचं काय, हे त्याने विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मला तर त्यातल्या एका पोरीचा बुटाचा नंबरही माहीत होता.

ती किनासी. माझ्या धाकट्या बहिणीची, उतामीची मुलगी. आमच्याच कंपनीच्या शाळेत विमान चालवायला शिकली, परवाना हातात आला, आणि त्या दिवसापासून माझ्या घरी राहून वाट बघतेय. कंपनीने सांगितलं, नवी विमानं आली की तुम्ही. तोवर पोरगी विमानतळावर कॉफी विकते. पर्समध्ये पायलटचा परवाना आणि हातात दुधाच्या फेसाचा चमचा. महिन्यापूर्वी तिला पापुआतल्या एका लहानशा कंपनीने बोलावलं. एका इंजिनाचं इवलंसं विमान, त्यात तांदूळ, तेल, डुकरं, बाळंतिणी घालून डोंगरातल्या गावांना पोचवायचं. उतरायचं कुठे, तर उतारावरच्या गवतात. पलीकडे कडा. तिच्या वर्गातला एक मुलगा तिथे गेला होता. गेल्या वर्षी सकाळी एका ढगात शिरला आणि पलीकडून बाहेर आलाच नाही. ते विमान सापडायलाच आठवडा लागला. तेव्हापासून उतामी आमच्या गावाहून, क्लातेनहून, रोज फोन करते, "ताई, तुझ्या पाया पडते, तिला थांबव. तुझं ऐकेल ती." आणि किनासी म्हणते, "मावशी, तूच सांग. विमानं येत असतील तर मी थांबते, नसतील तर जाते. सारखी जमिनीवर राहिले तर हात विसरतील सगळं. तुझ्याइतकं कुणाला कळतंय यातलं?" पापुआवाल्यांना शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. म्हणजे मी नुसती गप्प बसले तर पोर घरात राहणार होती. जिवंत राहणार होती.

टोलरस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. दोन्ही बाजूंना कोळंबीची तळी, आणि वरून आमचंच एक विमान चाकं काढून उतरत होतं. शेपटाचा रंग उडालेला. मी त्याला ओळखते. त्याचं भाडं पुढे वाढवायचा कागद मीच सकाळी पुढे सरकवला होता. ते बघताना मला कोण जाणे का, वडिलांचा पाय आठवला. वडील घराची कौलं चाळायला चढले आणि पडले, तेव्हा मी दहाएक वर्षांची असेन. शेजारीपाजारी धावत आले, आणि पहिला शब्द काय, तर 'नशीब! पायच मोडला, कंबर शाबूत आहे.' जखम चिघळली, डॉक्टरांनी पाय कापला. 'नशीब, डावाच गेला.' पुढे दोन वर्षांनी वडील गेले, तर मौलवी आईला म्हणाले, 'नशीब बाई, शुक्रवारी गेले. शुक्रवार सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.' आई मान हलवत होती. आमच्याकडे असंच. घर जळालं तर नशीब, माणसं बाहेर होती. माणसं जळाली तर नशीब, झोपेत होती. उतामी आणि मी याचा खेळ करायचो. ओसरीवर पाय सोडून बसायचं, एकीने संकट सांगायचं आणि दुसरीने श्वास सोडायच्या आत नशीब शोधून काढायचं. "ताई, बकरी विहिरीत पडली!" "नशीब, विहीर आटलेली होती." "ताई, विहीरच घरात शिरली!" "नशीब, आता पाणी आणायला नको." उतामी हसून हसून लोळायची. हरायची तीच, मी कधी हरले नाही. मोठेपणी मी तेच काम पगार घेऊन करायला लागले, एवढंच. बैठकीत शेवटचं पान माझं असतं, आणि त्यावर लिहिलेलं असतं की झालं त्यात कंपनीचं कसं भलंच झालं.

घरी पोचले तर स्वयंपाकघरातून नारळाच्या दुधाचा आणि लसणाचा वास येत होता. किनासी फणसाची भाजी ढवळत होती. फ्रिजवर त्या नव्या विमानांचं हातभर खेळणं होतं, सही झाली त्या दिवशी आम्हा सगळ्यांना वाटलेलं. त्याचा एक पंख मोलकरणीच्या हातून मोडला, किनासीने गोंदाने चिकटवला, तेव्हापासून ते जरा तिरकं उडतं. "मावशी," ती पाठ न वळवता म्हणाली, "तुझ्या चपलांचा आवाज बैठकीचा येतोय."

"बैठकाच खाऊन जगतो आम्ही. मीठ घातलंस का?"

"घातलं. काय म्हणतायत तुझे हार्जो साहेब? आम्हाला शुक्रवारी बोलावलंय तुम्पेंगला. गणवेशात या म्हणालेत. माझ्याबरोबरचा तोगार तर नाचतोय नुसता. म्हणतो, गणवेशात बोलावलं म्हणजे नक्की." ती वळली. तिच्या गालाला हळद लागली होती. "नक्की ना, मावशी? येतायत ना विमानं?"

मी हात धुवायला नळाकडे गेले. खोटं बोलायचंच नव्हतं मला, खोट्याची गरजच नव्हती. "येतील की," मी म्हणाले. आणि ते खरंच होतं. चार वर्षांनी येतील. करारात तसं लिहिलं होतं. वाक्य तपासून बघितलं तर त्यात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि तरी मी स्वच्छ झालेले हात पुन्हा साबण लावून धूत होते. किनासीने "हुश्श" केलं आणि डावाने माझ्या ताटात भाजी वाढली. मग तिने फोन घेऊन आईला लावला, आणि पलीकडे उतामी रडतेय की हसतेय ते मला जेवणाच्या टेबलापाशी ऐकू येत होतं. "दे, ताईला दे," ती म्हणत होती. "ताई, तू देवासारखी आहेस गं." मी म्हटलं, "पुरे, भाजी गार होतेय."

गुरुवारी मला वाटलं, तुम्पेंग तरी रद्द करतील. मी हार्जो साहेबांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. म्हटलं, साहेब, कशासाठी आभार मानायचे आता? ते चहा पीत होते. "पालुपीबाई, ठरलेलं तुम्पेंग मोडायचं? अहो, तीस विमानं हवेत असतात आपली. कुठल्या तरी एकाला काही झालं तर लोक म्हणतील, आभार मानायचे राहिले. शिवाय मोडलं की सगळ्यांना कळलंच. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण कंपनीच्या सुखरूपतेसाठी करू. दुवा तीच, भात तोच." ते चूक बोलत नव्हते. मीसुद्धा तुम्पेंग मोडलं नसतं. आमच्यात कुणीच मोडलं नसतं. "आणि ती गणवेशातली पोरं?" मी विचारलं. "जेवतील बिचारी," साहेब म्हणाले, आणि खरोखर कळवळून म्हणाले. मी माझ्या खोलीत आले आणि दिवसभर एकच आकडा चार वेळा मांडला. मनात मात्र तो ढगात गेलेला मुलगा येत होता. तो एकदा आमच्या घरी जेवला होता. तीनदा भात घेतला होता त्याने, आणि दर वेळी 'मावशी, शेवटचा' म्हणाला होता. मी स्वतःला सांगत होते, की मी काही वाईट करत नाहीये, मी नुसती गप्प बसलेय. आणि मनातलंच दुसरं कुणी तरी म्हणत होतं, की बाई, हे तू पोरीसाठी करतेयस, की रात्री तुला झोप लागावी म्हणून? ती घरी बसून सुकली तरी चालेल, फक्त फोन यायला नको, असंच ना? होय, असंच होतं. मला तो फोन नको होता.

शुक्रवारी सकाळी उठले तर किनासी इस्त्री करत होती. पांढरा सदरा, काळी विजार. दोन वर्षांपूर्वी शिवलेला गणवेश, घडी मोडून एकदाच घातलेला, तोही फोटोसाठी. "मावशी, कंबरेला घट्ट झालाय गं. तुझ्या घरच्या फणसाने घात केला." ती बाहीची कड बोटाने सरळ करून त्यावर इस्त्री फिरवत होती. पाण्याचा हबका, वाफ, पुन्हा हबका. "तुम्पेंग खाते, मग तिथूनच त्या पापुआवाल्यांना कळवते, की नाही जमत. वाईट वाटतं जरा. माणसं चांगली होती. पण तू येतील म्हणालीस ना, मग झालं." मी दारात कॉफीचा पेला घेऊन उभी. मला काही करायचं नव्हतं. कारखान्याच्या माणसाशी वागले तसंच वागायचं होतं, आणखी काही तास. आधी बोलेल त्याने दंड भरायचा. एवढी मोठी कंपनी माझ्यापुढे बोलून बसली, तर ही पोर आहे, ही माझ्यासाठी स्वतःच बोलेल आणि स्वतःच दंड भरेल. तिने सदरा उचलून उजेडात धरला. एकही सुरकुती नव्हती. जे विमान येणारच नाही त्याच्या भातासाठी तिने पहाटे उठून हे केलं होतं, आणि तोगारने आणि बाकीच्या पोरांनीही आपापल्या घरी केलं असणार. मला शरम वाटली. साधी, अंग जाळणारी शरम.

"येणार नाहीयेत," मी म्हणाले.

"कोण?"

"विमानं. चार वर्षं तरी नाहीत."

तिने इस्त्री उभी केली, खाली वाकून प्लग काढला आणि वायर गुंडाळायला लागली. "कधी ठरलं?"

"बुधवारी."

"मी विचारलं तेव्हा..."

"तेव्हा ठरलेलं होतं."

"सांगितलं तर तुझी नोकरी जाईल म्हणून नाही सांगितलंस?" तिने विचारलं. ती मला दार उघडून देत होती. किती चांगली पोर. त्याही वेळी मला बाहेर पडायला वाट करून देत होती. हो म्हटलं असतं तर सगळं सोपं होतं.

"नाही गं. तू डोंगरात जाशील म्हणून नाही सांगितलं. मला भीती वाटते. तुझी आई कशीही सावरेल, मी नाही सावरणार."

तिने सदऱ्याची घडी घातली, बाह्या आत, कॉलर वर, दुकानातल्यासारखी. मग म्हणाली, "नशीब, आज सांगितलंस." ती मला टोचायला म्हणाली नव्हती, आमच्याकडे म्हणतात तसंच म्हणाली. पण सोमवारी कळलं असतं तर ती माझ्याकडे कशी बघत राहिली असती, ते मला तिथे उभ्याउभ्या दिसलं. तिने माझ्यासमोरच पापुआला फोन लावला. "हो, मी किनासी. हो, येते. रविवारचं चालेल." फोन ठेवून ती माझ्या हातातला कॉफीचा पेला घेऊन दोन घोट प्यायली आणि तोंड वाकडं केलं. "साखर विसरलीस, मावशी." मग तिने मला धरलं, आणि मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. उंच झालीय खूप, हे मला तेव्हाच कळलं.

समारंभाला मी वेळेवर गेले. जाणं भागच होतं. मंडपात पांढऱ्या सदऱ्यांची रांग उभी होती, ताठ, घामाने चमकणारी, आणि मधे एकीची जागा मोकळी. तोगार, सुमात्राकडच्या बाताक लोकांतला, मोठ्या आवाजाचा पोरगा, मला बघून पुढे आला. "बाई, किनासी कुठाय?"

"पोट बिघडलंय तिचं."

"अरेरे, नेमकं आजच! बरं, तिच्या वाटची कोंबडी मी खातो, सांगा तिला. आणि बाई, साहेबांना सांगा की, यंदा शेंडा आमच्यातल्या कुणाला तरी द्या म्हणावं. उडवणार शेवटी आम्हीच." मी हसले. माझ्या घरचीला मी सांगितलं होतं, आणि तोगारला सांगितलं नव्हतं. त्यालाही कुठून बोलावणं आलं असेल का, त्यानेही कुणाला 'नाही जमत' म्हणून कळवलं असेल का, हे मी विचारलं नाही. सोमवारी कळेल त्याला. मौलवींनी दुवा मागितली, सगळ्यांनी हात तोंडावरून फिरवले. भात पिवळाधमक होता, माझ्या सांगण्यावरून. हार्जो साहेबांनी सुरी घेतली, शेंडा कापला, केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवला आणि म्हणाले, "हा मान आज पालुपीबाईंना. त्यांच्या हिशेबामुळे आपण सगळे सुखरूप आहोत." टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात टाळ्या त्या पांढऱ्या रांगेतून आल्या, कारण त्यांना वाटलं, हिशेब म्हणजे त्यांचीच विमानं. मी पान हातात घेतलं. सगळे बघत होते, म्हणून घास घेतला. हळद आणि नारळ, आणि जरा कढत. भात चांगला झाला होता, बाग्योने खर्चाला हात आखडला नव्हता.

तेवढ्यात पर्समध्ये फोन थरथरायला लागला. मी पान सावरत मंडपाच्या कडेला गेले. उतामी होती. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. लहानपणी ओसरीवरून सांगायची तशी एका दमात म्हणाली, "ताई, पोर डोंगरात चाललीय." आणि थांबली.

"नशीब..." मी म्हणाले. जीभ आपली सवयीने बोलली. पलीकडे उतामी श्वास धरून होती; कोंबड्याचं आरवणं ऐकू येत होतं, कुणाच्या तरी सायकलची घंटा ऐकू आली. ती पुढच्या शब्दांची वाट बघत होती. मी हातातल्या पिवळ्या भाताकडे बघत उभी राहिले, आणि मला पुढचं काही सापडेना.